दुसरीच्या मापाची सीट

"टॉर्च खाली धर. माझ्या डोळ्यांत नको, तारेवर."

बाबा गाडीच्या पुढच्या सीटखाली डोकं खुपसून आडवे झाले होते. पाय दारातून बाहेर, अंगणातल्या फरशीवर. पायांत माझ्या जुन्या स्लिपर. मी बाहेर उकिडवी बसून टॉर्च धरली होती. रविवार होता. आषाढ असूनही पावसानं उघडीप दिली होती आणि चंद्रपूरचं ते अंगाला चिकटणारं ऊन पडलं होतं. सकाळी दोघांनी पोहे खाल्ले होते, पेपर वाटून घेतला होता. रोजच्यासारखाच दिवस.

"थेट बॅटरीपासून तार कशाला ओढायची? मोबाइल चार्ज करतो तिथून घ्या ना," मी म्हटलं.

"ती तार म्हणजे शेवई. सेट बोलायला लागला की वितळते." सीटखालून आवाज आला. "आणि दोन्ही तारांना फ्यूज लावायचा, बॅटरीच्या अगदी बुडाशी. लोक एकीलाच लावतात. मग गाडी पेटते."

"माझी गाडी."

"हो बाप्पा, तुझीच."

गाडी माझ्याच नावावर होती. कॉलेजातली नोकरी कायम झाली तेव्हा मी ती घेतली, आणि मी कॉलेजला चालवत न्यायचे तेवढं सोडलं तर घेतल्यापासून बाबांनीच वापरली. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांना हॅम रेडिओचा नाद लागला होता. रीतसर परीक्षा द्यायची, सरकारी लायसन काढायचं, घरी सेट मांडायचा आणि आपल्यासारख्याच हौशी लोकांशी हवेतून बोलायचं. त्या वर्षी त्यांच्या मनानं घेतलं होतं की पुरात गडचिरोलीकडचे रस्ते तुटतात, टॉवर आडवे होतात, तेव्हा सेट बसवलेली एक तरी गाडी नदीच्या काठापर्यंत गेली पाहिजे. उभा जन्म टेलिफोन खात्यात काढलेल्या माणसाचा टेलिफोनवर काडीचा भरवसा नव्हता.

मागच्या बाजूला अँटेना उभी करायला त्यांनी पॉलिशपेपरनं गाडीचा रंग खरवडून काढला होता. पत्र्याला पत्रा भिडला पाहिजे, मधे रंग चालत नाही, म्हणे. माझी निळी गाडी मागून खरूज झाल्यासारखी दिसत होती.

"बस आत. बसून पाहा," कंबर धरत उठून बाबा म्हणाले.

मी ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसले. समोर त्यांनी लिहायला एक फळी बसवली होती. माझे दोन्ही गुडघे तिच्यावर आपटले.

"लागतात."

"लागणारच. तू उंच आहेस."

"मग फळी वर घ्या."

"वर घेतली की करुणाचा हात पुरत नाही. ती बुटकी आहे."

मी माइक शोधला. त्याचा हूक उजवीकडे, गिअरच्या अंगाला लावला होता. "हा इकडे कशाला? ड्रायव्हरनं गिअर टाकला की वायर हातात येणार. दाराच्या बाजूला लावा."

"नाही जमत. करुणा डावखुरी आहे. डाव्या हातानं लिहिते, तर माइक उजव्या हातात हवा."

"तुम्हाला बरं माहीत."

"शिकवलं मी तिला. माहीत नसणार?"

"मी कोणत्या हातानं लिहिते, बाबा?"

ते हसले. "तू? उजव्यानंच. सारे लिहितात त्यानंच." आणि पक्कड शोधायला वळले.

करुणा खोब्रागडे एसटीच्या आगारात चौकशीच्या खिडकीवर बसायची. गाड्यांच्या घोषणा तीच करायची. बाबांना तिचा आवाज आधी भेटला, बाई नंतर. बसची वाट पाहता पाहता त्यांनी खिडकीशी जाऊन विचारलं होतं, तुम्ही रेडिओवर बोलाल का? वर्षभरात तिनं परीक्षा दिली, लायसन मिळवलं. ती माझ्याच वयाची. मी ज्या घरात राहत होते, त्या घरातल्या माणसानं हा प्रश्न स्टँडवरच्या बाईला विचारला होता.

"आणि गाडी कोण चालवणार?" मी विचारलं. "तुमच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. करुणाबाईंना येते?"

"तिला सायकल येत नाही."

"मग?"

"मी आहे ना."

टॉर्च चालूच होती. ती मी उगाच बंद केली, परत लावली. बाबा बॉनेट उघडून आत बघत होते.

"इथे तांब्याची पट्टी लावायची राहिली," ते म्हणाले. "बॉनेट आणि बॉडी जोडायला. ती नसली की इंजिन चालू असताना सेटमध्ये नुसती घोंघों. समोरच्याचं काही ऐकू येत नाही. उद्या लावू."

संध्याकाळी ते माडीवर सेटसमोर बसले. त्यांच्या मंडळींची रोज संध्याकाळी हजेरी असे. एकेक जण आपली खूण, म्हणजे लायसनबरोबर मिळालेली अक्षरं, सांगून बोलायचा. या लोकांचा एक जुना रिवाज आहे. पुरुष विशीतला असला तरी 'ओल्ड मॅन' आणि बाई सत्तरीची असली तरी 'यंग लेडी'. जिन्याखाली भाजी निवडताना मला ऐकू आलं, "गुड इव्हनिंग, यंग लेडी! तुझी सीट तयार झाली." पलीकडून ती हसली. हसताना तिचा आवाज आगारातल्यासारखा नव्हता.

मी जिना चढले तेव्हा त्यांनी सेट बंद केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला हाक मारली तर ओ आली नाही. न्हाणीघराच्या दाराशी पडले होते. डॉक्टर म्हणाले, काही कळायच्या आत गेले असतील.

स्मशानात करुणा रडली. मी रडले नाही. आमचे नातेवाईक तिच्याकडे वळून वळून बघत होते आणि माझी मावशी माझ्या कानाशी म्हणाली, "ही कोण वं?"

"बाबांची विद्यार्थिनी," मी म्हटलं.

दिवस झाल्यावर ती घरी आली. चपला बाहेर काढून, पदर सावरून खुर्चीच्या टोकावर बसली. खरंच बुटकी होती. पाय जमिनीला जेमतेम टेकत होते.

"ताई, बोलू की नको असं होऊन राहिलं," ती म्हणाली. "सरांचा सेट. लायसन नसलेल्या माणसाला तो घरात ठेवता येत नाही. कायदाच आहे तसा. सर गेले म्हणजे त्यांचं लायसनही गेलं. तो आता दुसऱ्या लायसनवाल्याच्या नावावर करावा लागते."

"दुसऱ्या म्हणजे तुमच्या."

"माझ्या करा, नाही तर नागपूरच्या कोणाच्या करा. पण करा जी. तुमाले त्रास नको."

"म्हणजे घर माझं, गाडी माझी, बाप माझा. आणि सेट ठेवला तर मी गुन्हेगार."

मी गाडीची किल्ली आणून तिच्यासमोर ठेवली. "काढून न्या. दोन्ही. माडीवरचा आणि गाडीतला."

ती अंगणात गेली. मी खिडकीतून पाहत होते. दार उघडून ती सीटवर बसली आणि तिचे गुडघे कुठेही लागले नाहीत. उजवा हात न पाहता माइकवर गेला. फळीवर डावं कोपर टेकलं. शिंप्यानं माप घेऊन बेतल्यासारखी बसली होती ती त्या जागेत. स्क्रू काढायला तिनं पर्समधून पेचकस आणला होता, तो तिनं वापरलाच नाही.

परत येऊन तिनं किल्ली टेबलावर ठेवली. "माडीवरचा नेते. गाडीतला राहू द्या. आभाळ पाहा ना, ताई. केव्हा लागंल सांगता येत नाही. दोन्हीचे कागद मी माझ्या नावानं करून आणते, सही तेवढी द्या."

सही दिली. त्यानंतर गाडी अंगणात तशीच उभी राहिली. मी कॉलेजला रिक्षानं जायला लागले. एका दुपारी मी त्या गाडीत शोधलं. डिकी, डॅशबोर्डचा कप्पा, सीटखाली, सगळीकडे. माझ्यासाठी म्हणून केलेलं काहीतरी असेल असं वाटत होतं. तांब्याच्या पट्टीचं वेटोळं मिळालं, तेही बॉनेटसाठी आणलेलं.

श्रावणात तीन दिवस खंड न पडता पाऊस झाला. दक्षिणेकडे नदी पुलावरून गेली, येरमटोला आणि आजूबाजूच्या पाड्यांचा संपर्क तुटला, मोबाइल मुके झाले. बातम्यांत नुसते नकाशे दाखवत होते. सकाळी करुणा फाटकाशी उभी. अंगावर रेनकोट, खांद्याला डब्याची पिशवी, आणि मागे आगारातला एक धिप्पाड ड्रायव्हर.

"ताई, गाडी द्या. हे चिमूरकरभाऊ चालवतात. तहसीलदारांचा निरोप आला आहे. येरमटोल्यात सडमेक गुरुजी आहेत, सरांनीच लायसन काढून दिलं होतं त्यांना. बॅटरीवर सेट चालवून राहिले. पण इकडून नदीजवळ कोणी पाहिजे."

चिमूरकरनं किल्लीसाठी हात पुढे केला.

"माझी गाडी दुसरं कोणी चालवणार नाही," मी म्हटलं.

"अवं ताई, रस्ता कसा आहे तिकडचा..."

"मग मीच चालवते. बसा."

परोपकार म्हणून नाही. त्या गाडीत ती बसणार आणि मी खिडकीतून पाहणार, एवढं एक मला नको होतं.

चिमूरकरला फाटकाशी सोडून दोघीच निघालो. आलापल्लीपर्यंत आम्ही मोजून चार वाक्यं बोललो असू. गिअर टाकताना दर वेळी माइकची वायर माझ्या मनगटाला लागत होती. करुणा वायर बाजूला धरायची, मी गिअर टाकायचे. जंगलातल्या रस्त्यावर फांद्या पडलेल्या. दोनदा दोघींनी उतरून ओढल्या.

पुलाच्या अलीकडे टेकाड होतं. तिथे तलाठी, दोन पोलीस आणि बचाव पथकाची रबरी बोट घेऊन आलेली माणसं उभी होती. पूल नव्हताच, तांबड्या पाण्यातून कठड्याची दोन टोकं तेवढी दिसत होती. बोटवाल्यांना पलीकडे कुठल्या पाड्याला जायचं ते माहीत नव्हतं, आणि नदी रुंद झालेली, चुकलं तर परत फिरणं अवघड.

करुणानं सेट लावला. नुसतं घोंघों.

"इंजिन बंद करा," ती म्हणाली.

बंद केलं. घोंघों गेलं आणि त्यामागून, विहिरीतून यावा तसा एक आवाज वर आला. सडमेक गुरुजी. ती माइक तोंडाशी नेऊन बोलायला लागली आणि सेटचा दिवा मलूल होऊन विझला. गाडी इतके दिवस उभी. प्रवासात बॅटरी भरली ती इंजिन लागण्यापुरतीच, सेटला बोलायला लागतो तेवढा जोर तिच्यात नव्हता.

"चालू करा."

चालू केलं. नशीब, लागली. तिचं बोलणं गेलं असावं, पण उत्तर आलं ते घोंघोंत बुडालं.

"तांब्याची पट्टी," मी म्हटलं. "लावायची राहिली. डिकीत आहे. लावता येईल?"

"सर लावायचे. मी फक्त बोलायला शिकली, ताई."

मी किल्लीकडे पाहिलं. मग मी म्हटलं, "तुम्ही बोलताना इंजिन हवं, ऐकताना नको. असंच ना?"

"हो."

"मग बोलायचं झालं की मला सांगा."

तसं सुरू झालं. ती उजवा हात माइकवर न्यायची, मी सेल्फ मारायचे. ती बोलून 'ओव्हर' म्हणाली की मी बंद. थोड्या वेळानं सांगायची गरज उरली नाही. तिचा खांदा हलला की माझी बोटं किल्लीवर. तिनं श्वास सोडला की बंद. पलीकडे एक बाई अडली होती. कालपासून कळा, मूल आडवं, दाईनं हात टेकलेले. पाड्याचं नाव, कुठल्या बाजूनं पाणी उथळ, शाळेच्या छपरावर लाल लुगडं बांधलंय, हे सगळं तुकड्यातुकड्यानं येत होतं. करुणा डाव्या हातानं भराभर लिहीत होती. तिचा आवाज आगारातल्यासारखा झाला होता, बल्लारपूरची गाडी फलाटावर लागल्याचं सांगताना असतो तसा. बोटवाले खिडकीशी वाकून ऐकत होते.

मधेच ती खोकायला लागली. सकाळपासून भिजलेली. खोकला थांबेना, पलीकडून गुरुजी विचारत होते, "ऐकलं का जी? ऐकलं का?" मी इंजिन चालू केलं आणि माइककडे हात नेला.

तिनं खोकतच माझं मनगट धरलं. "नाही ताई. तुमाले बोलता येत नाही. लायसन नाही."

"अहो, ती बाई मरेल!"

"मी आहे ना," ती म्हणाली, पाण्याचा घोट घेतला, आणि बोलली.

माझ्या बापाच्या गाडीत, माझ्या गाडीत, त्याच तीन शब्दांनी मला दुसऱ्यांदा बाजूला सारलं गेलं होतं. मी किल्ली घट्ट धरून समोर पाहत राहिले. तिनं 'ओव्हर' म्हटलं तेव्हा इंजिन वेळेवर बंद केलं.

बोट गेली. दुपार टळली तरी परत आली नाही. आम्ही वाट पाहत बसलो. काचेवर वाफ साचली. तिनं डबा उघडला, भाकरी आणि तिळाची चटणी माझ्यापुढे केली.

"खा जी. राग माझा करा, भाकरीनं काय केलं?"

मी एक तुकडा घेतला. "राग नाही."

"हाय. मला समजते. मलाही यायचा तुमचा."

"माझा? कशासाठी?"

"रोज संध्याकाळी सर बोलत असायचे. काहीतरी चांगलं सांगून राहिले, मी ऐकून राहिली, आणि मधेच म्हणायचे, 'लेक आली, बंद करतो.' खटकन बंद. माझं वाक्य तोंडातच. कितीदा! मी म्हणायची, अशी कोण मोठी महाराणी आली जिना चढून?" ती हसली. "माझा बाप मी पाहिला नाही, ताई. सेट बंद झाला की घर लई गप्प होऊन जायचं."

"मी वर आले की ते टीव्ही लावायचे," मी म्हटलं. "बातम्या. मला वाटायचं, माझ्यापासून लपवायचं असेल काही."

"लपवायचं काय? ढगांचं बोलायचो आम्ही. ढग, अन् वारा, अन् नागपूरच्या कांबळेसाहेबांची गुडघेदुखी."

मला हसू आलं. ते तिला दिसू नये म्हणून मी खिडकीची काच पुसली.

ऊन कलताना बोट दिसली. दोन माणसं पाण्यात उतरून ती ओढत होती. बाई आडवी होती, वर ताडपत्री धरलेली. ताडपत्रीखालून तिचं कण्हणं ऐकू आलं आणि तलाठी ओरडला, "जिवंत आहे! अँब्युलन्स पुढे घ्या!" त्या बाईचा चेहरा मी पाहिला नाही. एक हात तेवढा दिसला, हिरव्या बांगड्यांचा. पुढे कळलं, बाळ गेलं, ती वाचली.

करुणानं गुरुजींना कळवलं. मी चालू केलं, बंद केलं.

"गुरुजी विचारून राहिले," ती मला म्हणाली, "सोबत कोण आहे म्हणून."

"काय सांगितलंत?"

"सरांची लेक."

फळीवरचे कागद तिनं एकावर एक ठेवले, पेन्सिलीला टोपण घातलं. शेवटी म्हणाली, "ताई, आमच्यात एक असते. आमचा माणूस गेला की हजेरीच्या वेळेला एकदा त्याला हाक मारतात. त्याच्या खुणेनं, तीनदा. सारे आपापले सेट लावून गप्प राहतात, तो बोलंल म्हणून. तो बोलत नाही. मग यादीतून नाव उतरवतात. सरांची हाक मी द्यायची आहे. मी टाळून राहिली होती, तब्येतीचं सांगत होती. आज सगळे ऐकायला आहेत. नागपूर, अमरावती, पलीकडे गुरुजी. आज देते. तुम्हाला उतरायचं असंल तर..."

"नाही. मी बसते."

तिनं माइक घेतला. मी इंजिन चालू केलं.

तिनं बाबांची खूण सांगितली, एकेक अक्षर सुटं करून. आवाज हलला नाही. दुसऱ्यांदा सांगितली. तिसऱ्यांदा सांगताना तिनं डोळे मिटले होते. "वामनसर, ऐकत असाल तर या. ओव्हर."

मी इंजिन बंद केलं.

माइक हुकाला लावून तिनं दोन्ही हात मांडीवर घेतले. सेटमधून बारीक सुं असा आवाज येत होता, बाकी काही नाही. नागपूरला, अमरावतीला, नदीपलीकडे माणसं श्वास धरून बसली होती. खाली पाणी वाहत होतं. कोणीच बोलत नव्हतं, सगळे त्यांची वाट पाहत होते.

ती शांतता संपेल असं मला वाटलं, आणि मी बोलले. माइक हुकाला होता. करुणाखेरीज कोणाला ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "मी घरातच होते. मला का नाही विचारलंत?"